मालदीवला निघालात? आधी बेट नीट पारखून घ्या!

निळंशार पाणी, त्यात खांबांवर उभ्या केलेल्या गवती छपराच्या खोल्या, आणि खोलीच्या ओट्यावरून थेट समुद्रात उतरणारा लाकडी जिना. मालदीवचा हा फोटो आता आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा झाला आहे. कुणाच्या भाचीचं लग्न होतं आणि नवी जोडी तिकडे जाते, कुणी लग्नाचा पंचविसावा वाढदिवस तिकडे साजरा करतं. मुंबईहून थेट विमान धरलं तर तीन तासांच्या आतबाहेर माणूस मालेला उतरतो. आपल्याला तिथला व्हिसाही उतरल्यावर फुकट मिळतो. मग मोह का होऊ नये? जरूर व्हावा. पण भगिनींनो, हा मोह लाखांच्या घरातला आहे. भिशीतून आलेले, ठेव मोडून काढलेले, चार-पाच वर्षं हळूहळू बाजूला टाकलेले पैसे चार दिवसांत खर्च व्हायचे असतात.

साडी घेताना आपण काय करतो? पदर उलगडून बघतो, काठ चोळून बघतो, दुकानाबाहेर उजेडात नेऊन रंग पारखतो. आणि पाचपन्नास साड्यांच्या किमतीचं हॉटेल मात्र एका फोटोवरून ठरतं! तेही बऱ्याच घरांतून यजमान आणि प्रवास कंपनीचा माणूस असे दोघं मिळूनच ठरवतात. आपल्या वाट्याला येतं ते बॅगा भरणं. माझं म्हणणं असं, की या खरेदीत आपण आधीपासून बसायला हवं. कारण तिथे गेल्यावर मुलगा जेवला का, सासूबाईंना जिना चढवेल का, आणि बिल एवढं कसं झालं, हे प्रश्न शेवटी आपल्याच डोक्यात फिरणार असतात.

मालदीवची एक गोष्ट आधी समजून घेतली पाहिजे. सुमारे बाराशे लहान-लहान बेटांचा हा देश. त्यांतल्या दोनशेच्या आसपास बेटांवर तिथले लोक राहतात, आणि दीडशेहून अधिक बेटांवर रिसॉर्टं आहेत. पहिलं रिसॉर्ट १९७२ साली निघालं, त्याचं नाव ‘कुरुंबा’. त्यांच्या दिवेही भाषेत कुरुंबा म्हणजे शहाळं. तेव्हापासून तिथे बहुतेक ठिकाणी एका बेटावर एकच हॉटेल, अशी पद्धत पडली आहे. गोव्याला हॉटेलातलं जेवण पसंत पडलं नाही तर आपण चार पावलं चालून एखादी खानावळ गाठतो, कोपऱ्यावरच्या दुकानातून पाण्याच्या बाटल्या आणि केळी घेऊन येतो. मालदीवच्या रिसॉर्टवर कोपराच नसतो! बेटाच्या चारी बाजूंना समुद्र. जेवण त्यांचं, पाणी त्यांचं, औषधाची गोळी त्यांच्याकडची आणि घरी परत येण्याची होडीही त्यांचीच. तेव्हा खोली कितीही देखणी असली, तरी चार दिवस सोसायचं असतं ते अख्खं बेट.

विमान उतरल्यावर पुढे काय?

फोटोत न दिसणारी पहिली गोष्ट म्हणजे विमानतळापासून बेटापर्यंतचा प्रवास. मालेचा विमानतळ हुलहुले नावाच्या बेटावर आहे. तिथून जवळच्या बेटांवर स्पीडबोटीने नेतात, दूरच्या बेटांवर सीप्लेनने, आणि फारच दूर असेल तर आधी देशातल्या देशात विमान आणि मग बोट.

सीप्लेन म्हणजे पाण्यावरून उडणारं आणि पाण्यावरच उतरणारं पंधराएक माणसांचं छोटं विमान. वैमानिक पुष्कळदा अनवाणी असतात, आणि खाली निळ्या ताटात हिरव्या चकत्या मांडल्यासारखी बेटं दिसतात. मजा वाटते, यात शंका नाही. पण त्याचं जाण्यायेण्याचं भाडं माणशी साधारण चारशे ते सहाशे डॉलर पडतं, आणि ते पुष्कळदा खोलीच्या जाहिरातीतल्या भावात धरलेलं नसतं. स्पीडबोटीचं भाडं त्या मानाने बरंच कमी.

त्याहून महत्त्वाचं, सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं. तुमचं विमान दुपारी साडेतीनच्या आत मालेला उतरत नसेल, तर त्या दिवशी बेटावर पोचणं कठीण. माझ्या एका सहशिक्षिकेच्या बहिणीचं असंच झालं. तिकीट स्वस्त मिळालं म्हणून संध्याकाळी पाचला उतरणारं विमान घेतलं. सहल ठरवून देणाऱ्याने तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. रात्र विमानतळाजवळच्या हुलहुमालेतल्या एका साध्या लॉजवर गेली, वर रिसॉर्टच्या पहिल्या रात्रीचे पैसे बुडाले ते बुडालेच. तिकिटात वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट! तेव्हा आधी बेट ठरवा, तिथे नेणारं वाहन कोणतं ते विचारा, आणि मगच विमानाची वेळ निवडा. सीप्लेनवर सामानही माणशी २० किलो आणि हातातलं ५ किलो एवढंच चालतं. डबे-बरण्या भरताना हे ध्यानात असू द्या.

घड्याळाची एक गंमत सांगते. मालेची वेळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. पण बरीच रिसॉर्टं बेटावर आपलं स्वतःचं घड्याळ एक तास पुढे ठेवतात, पाहुण्यांना उजेड जास्त मिळावा म्हणून. परतीच्या दिवशी सीप्लेनची वेळ कुठल्या घड्याळाप्रमाणे, हे विचारून घ्यायचं.

चार दिवस स्वयंपाक नाही, हेच खरं ऐश्वर्य

आता जेवणाकडे येऊ. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण घरच्या बाईची सुट्टी इथेच साधते किंवा फसते.

खोलीचा भाव सांगताना रिसॉर्टवाले चार प्रकार सांगतात. एकात फक्त सकाळची न्याहारी धरलेली असते. ‘हाफ बोर्ड’मध्ये न्याहारी आणि रात्रीचं जेवण. ‘फुल बोर्ड’मध्ये तिन्ही वेळचं. आणि ‘ऑल इन्क्लुझिव्ह’मध्ये जेवणाबरोबर पेयं, आणि रिसॉर्टप्रमाणे आणखी काही गोष्टी. पहिल्या दोन प्रकारांचा भाव कमी दिसतो आणि यजमान म्हणतात, “दुपारी काय एवढं लागतंय? उपमा-ठेपले घेऊन जाऊ.” अहो, पण दोन मुलं सकाळी तीन तास पाण्यात डुंबून आली की त्यांना ठेपले पुरतात का? मग उपाहारगृहात जायचं, दरपत्रक उघडायचं, एका पिझ्झाची किंमत बघून मनातल्या मनात रुपये करायचे, आणि “मला भूक नाही गं, तुम्ही खा” म्हणून आईने पाणी पीत बसायचं. आणि त्या पाण्याच्या बाटलीचेही पैसे! असा हिशोब दिवसातून दोनदा करत बसण्यासाठी एवढ्या लांब जायचं का?

माझ्या मते मुलाबाळांच्या कुटुंबाने निदान फुल बोर्ड घ्यावं, आणि त्यासाठी खोली एक पायरी साधी घ्यावी लागली तरी खुशाल घ्यावी. ताटात काय पडलं की किती पैसे पडले, हा विचार चार दिवस करावा लागला नाही, तर ते खांबांवरच्या खोलीपेक्षा मोठं सुख आहे. ऑल इन्क्लुझिव्हच्या भावात मद्याचा मोठा वाटा असतो. घरात कुणी घेत नसेल तर तो खर्च वाया. मात्र फुल बोर्डमध्ये पाणी, चहा आणि मुलांचा रस धरला आहे का, ते आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी जेवणाबरोबरचं पाणीही वेगळं लावतात.

शाकाहारी मंडळींनी आणखी खोलात जायला हवं. मालदीवचं खाणं म्हणजे टूना मासा आणि नारळ. सकाळच्या न्याहारीला ‘मास हुनी’ करतात: टूना, खवलेलं खोबरं, कांदा, मिरची आणि लिंबू एकत्र कालवून. ती ‘रोशी’बरोबर खायची, आणि रोशी ही आपल्या पोळीची सख्खी बहीण! मासे खाणाऱ्यांनी हे जरूर खाऊन बघावं; आमच्या कोकणातल्या मैत्रिणींना ते परकं वाटणार नाही. पण चहाबरोबरच्या त्यांच्या तळणीतही पुष्कळदा टूनाच असतो, आणि थाई रश्शात माशाचा सॉस. मोठ्या रिसॉर्टांतून बुफे असतो आणि भारतीय पाहुणे बरेच येत असल्याने डाळ-भात-भाजीचा कोपरा पुष्कळ ठिकाणी सापडतो. लहान, अतिमहाग बेटांवर मात्र सगळं यादीतून मागवायचं, आणि यादीत शाकाहारी पदार्थ दोनच असले तर चौथ्या दिवशी तोंड वाकडं होतं. “शाकाहारी जेवण मिळेल का?” असं विचारू नका, उत्तर ‘हो’ असंच येतं, नुसतं सॅलड दिलं तरी ते शाकाहारीच. विचारायचं ते असं: भारतीय स्वयंपाकी आहे का? रोज रात्री शाकाहारी गरम पदार्थ किती असतात? कांदा-लसणाशिवाय करून देता का? आणि उत्तर लेखी मागवा. खोलीत कुकर लावायला परवानगी नसते, तेव्हा त्या भरवशावर राहू नका.

पाटीवरचा भाव आणि हातात पडणारं बिल

भावापुढे बेरजेच्या दोन फुल्या काढलेल्या असतात, त्याकडे आपलं लक्ष जात नाही. एक फुली म्हणजे १० टक्के सेवाशुल्क, दुसरी म्हणजे तिथल्या सरकारचा पर्यटन कर, जो १ जुलै २०२५ पासून १७ टक्के झाला आहे. शिवाय ‘ग्रीन टॅक्स’ म्हणून माणशी रोजचे १२ डॉलर (२०२४ संपेपर्यंत ते ६ होते). दोन वर्षांखालच्या बाळाला तेवढी सूट आहे.

आपण वहीत करतो तसा हिशोब मांडून बघू. नवरा-बायको दोघं, चार रात्री, खोलीचा भाव रात्रीला ५०० डॉलर. म्हणजे २०००. त्यावर सेवाशुल्क २००. या २२०० वर १७ टक्के म्हणजे ३७४. झाले २५७४. ग्रीन टॅक्स दोघांचा चार दिवसांचा ९६. सीप्लेन माणशी ५०० धरलं तर १०००. एकूण ३६७०! आणि यात न्याहारीखेरीज घास नाही. दोन हजारांचे पावणेचार हजार कुठे झाले, याचं आश्चर्य बिल हातात घेऊन करण्यापेक्षा घरी बसून केलेलं बरं. म्हणून दोन रिसॉर्टांची तुलना करताना नुसत्या खोलीचे भाव समोरासमोर ठेवू नका. सगळे कर, प्रवास आणि तिन्ही वेळचं जेवण धरून एकूण आकडा मागा. पुष्कळदा पाटीवर महाग दिसणारं स्पीडबोटीचं, फुल बोर्डचं बेट शेवटी स्वस्त पडतं. नाताळ आणि वर्षअखेरीच्या रात्री बऱ्याच रिसॉर्टांत खास मेजवानीचे पैसे सक्तीने घेतात. त्या तारखा असतील तर तेही विचारा.

खोली पाण्यावर की वाळूवर?

आता त्या फोटोतल्या खोलीबद्दल. नवपरिणित जोडप्यांनी घ्यावी, हौसेने घ्यावी. पण ज्यांच्याबरोबर चार-पाच वर्षांचं मूल आहे, त्यांनी त्या फोटोकडे आईच्या नजरेने बघावं. ओट्याला कित्येकदा कठडा नसतो, आणि जिना उतरला की समुद्र. मूल जागं असेपर्यंत तुमचा डोळा त्याच्यावर. ही विश्रांती नव्हे, पहारा झाला. काही रिसॉर्टं ठरावीक वयाखालच्या मुलांना पाण्यावरच्या खोलीत घेतच नाहीत, आणि काही बेटांवर तर मुलांना मुळी प्रवेशच नाही. पाण्यावरच्या खोलीपासून जेवणघरापर्यंतचा लाकडी पूल लांबलचक असतो. गुडघेदुखीच्या सासूबाईंना दिवसातून तीनदा तो चालवेल का, की छोटी गाडी येते, हेही बघावं लागतं.

वाळूवरची खोली फोटोत साधी दिसते, पण झाडाची सावली असते, मुलं दारात वाळूचे किल्ले करतात, आणि आपण ओट्यावर पाय पसरून बसू शकतो. पाण्यावरची हौस फारच असेल तर दोन रात्री वाळूवर आणि दोन पाण्यावर अशी वाटणी करून मागा. बरीच रिसॉर्टं देतात, आणि खर्चही आटोक्यात राहतो.

समुद्रही सगळीकडे सारखा नसतो. काही बेटांभोवती किनाऱ्यालगत रुंद, उथळ, शांत पाणी असतं, त्याला लगून म्हणतात. काही बेटांच्या अगदी जवळ प्रवाळाची भिंत असते, जिथे रंगीत मासे दिसतात पण पुढे एकदम खोल होतं. पोहणारे लोक दुसऱ्या प्रकाराची स्तुती करतात. आपल्यातल्या बऱ्याच जणींना पोहता येत नाही, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. आपण लगूनचं बेट मागावं. कमरेएवढ्या पाण्यात तासभर निर्धास्त उभं राहणं हीसुद्धा मोठी चैन आहे. प्रवाळ बघायचाच असेल तर आत्ताची स्थिती काय ते विचारा, कारण १९९८ आणि २०१६ साली समुद्र तापून मालदीवचा बराच प्रवाळ पांढरा पडला. जाहिरातीतले फोटो कधीचे असतात, देव जाणे.

ऋतूचंही तसंच. मे ते ऑक्टोबर तिथे नैर्ऋत्येचा पाऊस आणि वारा. डिसेंबर ते एप्रिल कोरडं हवामान, म्हणून भावही चढे. वाऱ्याबरोबर बेटांची वाळू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकते. फेब्रुवारीच्या फोटोत जिथे रुंद किनारा दिसतो, तिथे ऑगस्टमध्ये तो अरुंद झालेला असू शकतो. सूर्यास्ताच्या, म्हणजे पश्चिमेच्या बाजूच्या खोलीचे जास्त पैसे घेतात, पण पावसाळ्यात वारा आणि लाटा त्याच बाजूला. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जाणार असाल तर पूर्वेकडची खोली मागा, पैसेही वाचतील. पाऊस येतो तो सरी येऊन जातात तसा, मुंबईसारखा संततधार असेलच असं नाही. दिवाळीची सुट्टी त्या मानाने बरी, आणि भाव अजून शिखरावर गेलेले नसतात.

हे सगळं वाचून “आमच्या आवाक्यातलं नाही बाई” असं वाटलं असेल, तर आणखी एक वाट आहे. २००९ नंतर तिथल्या लोकवस्तीच्या बेटांवर लहान अतिथिगृहं निघाली. माफुशी हे त्यांतलं नावाजलेलं. भाव रिसॉर्टच्या मानाने पुष्कळच कमी, ग्रीन टॅक्सही छोट्या अतिथिगृहात ६ डॉलर, आणि जेवायला बाहेर चार ठिकाणं असतात. मुसलमान देश आहे, तेव्हा गावात अंगभर कपडे, मद्य अजिबात नाही, आणि पोहण्याच्या कपड्यांसाठी वेगळा किनारा. आपल्याला यातलं काहीच जड नाही! सरकारी बोटी शुक्रवारी सहसा नसतात, तेवढं बघून बेत आखा. तीन रात्री अशा अतिथिगृहात आणि शेवटची एक रात्र रिसॉर्टवर, असं केलं तर फोटोतली खोलीही बघून होते.

ठरवताना लग्नाचा वाढदिवस असेल तर तारीख आधी कळवून ठेवा. केक, फुलांची सजावट असं काही पुष्कळ ठिकाणी आपणहून करतात.

निघण्यापूर्वी ९६ तासांच्या आत ‘इमुगा’ नावाचा सरकारी फॉर्म इंटरनेटवर भरावा लागतो, त्याचे पैसे पडत नाहीत. हॉटेलच्या आरक्षणाचा कागद आणि परतीचं तिकीट जवळ ठेवा. आणि बॅग भरताना एक लक्षात असू द्या: पूजेच्या मूर्ती त्या देशात न्यायला बंदी आहे. आपल्याकडे प्रवासाच्या बॅगेत छोटा गणपती किंवा बाळकृष्ण ठेवायची पद्धत असते, तो या वेळी देवघरातच राहू द्या. मद्य आणि डुकराच्या मांसाचे पदार्थही चालत नाहीत. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह घ्या, सॅनिटरी पॅड घरूनच न्या, कारण बेटावरच्या दुकानात असल्या वस्तू सोन्याच्या भावाने मिळतात. बेटावर डॉक्टर आहे का, हे लहान मुलं किंवा वडीलधारे बरोबर असतील तर आरक्षणाआधीच विचारायचं.

परतताना मुलांचे खिसे तपासा. किनाऱ्यावर पडलेले प्रवाळाचे पांढरे तुकडे त्यांना हटकून आवडतात, पण ते देशाबाहेर न्यायला मनाई आहे, आणि विमानतळावर बॅगा बघतात.